सोलापुरात नववीला गणित शिकवते. फळ्यावरचं समजलं म्हणणारी मुलं स्वाध्यायात का अडतात?

नवी पद्धत लक्षात ठेवणं आणि उत्तर शोधणं ही दोन्ही कामं त्यांच्यावर एकदम पडतात म्हणून; आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण, लगेच तसंच पण शेवटच्या पायऱ्या गाळलेलं, मग कोरं गणित, असा क्रम ठेवा. शिक्षण-संशोधक जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांच्या बीजगणितावरच्या प्रयोगांत (१९८५) सोडवलेली उदाहरणं अभ्यासलेल्या मुलांनी नंतर तशीच गणितं कमी वेळात, कमी चुका करत सोडवली. तशीच, वेगळ्या धाटणीची नव्हे. हे सांगायचं बरेचदा राहून जातं.

डोक्यावरचा हाच भार कमी करायला भूमितीत कोनांची मापं आकृतीतच लिहा, खाली यादी नको. शिवाय आपल्याकडे पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी मुलं पुष्कळ. शाब्दिक उदाहरणात त्यांना गणिताआधी मराठीच सोडवावी लागते. नवं सूत्र शिकवताना मजकूर दोन ओळींत आटपा, चादरी-टॉवेलच्या नफातोट्याची लांबलचक गोष्ट पुढच्या आठवड्यात.

मात्र ज्यांना पद्धत जमली आहे त्यांना या पायऱ्या उलट नडतात. त्यांच्या हातात थेट अवघड गणितं द्या.