पिचिंगचा हात राहू द्या, आधी ग्लोव्ह बघा

सर, तुमच्या सॉफ्टबॉल संघातल्या नववीच्या पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीबद्दल, वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. उजव्या हाताची मुलगी, वेग चांगला, पण एक चेंडू बॅटरच्या पायाशी तर पुढचा पार पलीकडे. पकड बदलून पाहिली, मनगट घोटून घेतलं, काही फरक नाही. आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की डावा हात जरा लोंबतो, पण तो काय, रिकामाच. शाळेत असताना माझं तंतोतंत हेच होतं. माझ्या मते तुमचं दुखणं त्या रिकाम्या, ग्लोव्ह घातलेल्या हातातच आहे.

पकड, विंडमिलचं वर्तुळ (हात पूर्ण गोल फिरवून चेंडू टाकणं), पिचरच्या प्लेटवर पाय कसे ठेवायचे, हे तुम्ही शिकवताच, म्हणून ते सोडते.

चेंडू वर-खाली चुकत असेल तर चेंडू सुटण्याची वेळ तपासावी. डावी-उजवीकडे चुकत असेल तर बहुतेक वेळा अंगाची रेषा मोडलेली असते. उजव्या हाताची पिचर पाऊल टाकताना तिसऱ्या बेसकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे, छाती करून उघडते, डावा खांदा कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारीच्या, दिशेला. नेमक्या त्या वेळी ग्लोव्ह पहिल्या बेसकडे, म्हणजे विरुद्ध बाजूला, भिरकावला गेला किंवा लवकर खाली पडला, की डावा खांदा मागे ओढला जातो, कंबर वेळेआधी बंद होते आणि उजवा खुबा हाताच्या वाटेत येतो. मग हात एकदा खुब्याला वळसा घालून जातो, एकदा त्यावर आपटतो. होडीत एक वल्हं जोरात मारलं आणि दुसरं सोडून दिलं तर होडीचं तोंड फिरणारच, त्यात जोरात मारणाऱ्याचा दोष नसतो.

आता वेळेचं. दोन्ही हात एकत्र सुटतात आणि दोन्ही कॅचरच्या दिशेने खांद्याच्या उंचीपर्यंत जातात. तिथून चेंडूचा हात डोक्यावर जातो, ग्लोव्ह मात्र तिथेच राहतो. ह्या जागी पोरींना धीर धरवत नाही. चेंडूचा हात माथ्यावरून मागे उतरू लागला, पुढचं पाऊल टेकतंय, की मग डावं कोपर दुमडायला लागतं आणि ग्लोव्ह बरगड्यांपुढे येतो. चेंडू कमरेपाशी सुटतो तेव्हाच ग्लोव्हही पोटाछातीपुढे पोचलेला असतो. पाऊल टेकायच्या आधीच ग्लोव्ह कमरेखाली गेला असेल तर पुढचं सगळं बिघडलंच समजा, मनगट कितीही चांगलं असो.

आता जे सांगते ते जरा रागाने येईल. मी शाळेत असताना मे महिन्यात एक निवासी शिबिर होतं. नाव घेणार नाही, कोणी अंदाजही करू नका. तिथल्या प्रशिक्षकांनी आम्हा सगळ्या पिचर मुलींना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, चेंडू सुटताना ग्लोव्ह डाव्या मांडीवर आपटायचा, आवाज मैदानाच्या टोकाला गेला पाहिजे. जिचा आवाज मोठा तिला शाबासकी. डाव्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. पण आवाज मोठा यायचा तर ग्लोव्ह लवकर सुटायला हवा, जोरात खाली यायला हवा, आणि त्याबरोबर डावा खांदा खाली जाणारच. म्हणजे जी गोष्ट थांबवायची तीच घोकून घेतली. मी विचारलं, ह्याने काय होतं? उत्तर मिळालं, मोठे खेळाडू करतात.

पुढे विभागीय स्पर्धेत मी बॅटर्सना नुसते वॉक देत राहिले, म्हणजे चेंडू चुकत गेले आणि त्यांना पहिला बेस फुकट मिळत गेला. मग मला राइट फील्डला, लांब क्षेत्ररक्षणाला, पाठवलं आणि त्या मोसमात परत सर्कलमध्ये, म्हणजे पिचिंगला, घेतलं नाही. सतरा वर्षांखालचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. आमच्या सरांनी आयोजकांना लेखी कळवलं तेव्हा ‘प्रशिक्षक अनुभवी आहेत’ एवढंच उत्तर आलं. वयोगट निघून गेला की परत मिळत नाही, हे त्या लोकांना कळत नाही असं नाही, त्यांना त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुलींना कॅचरचं किट मिळायची मारामार. घाटावरून कोणी शिकवायला आलं की त्याचा शब्द शेवटचा. म्हणून सांगते, शिबिराला पाठवा, पण तिथून आल्यावर काय शिकवलं ते मुलीला करून दाखवायला सांगा, आणि पटलं नाही तर ते तिथेच थांबवा.

काही नामवंत पिचरही मांडीला ग्लोव्ह लावतात, हे खरं आहे. त्यांचा चेंडू तोवर सुटलेला असतो आणि रेषा पक्की असते. शिकणाऱ्या मुलीला तो शेवट आधी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दुसरंही कारण आहे. मोठ्या मुलींत पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. चेंडू टाकून पिचर पुढे येते तेव्हा तेही उरत नाही. सरळ फटका तोंडावर आला तर मांडीवरचा ग्लोव्ह वर येईपर्यंत उशीर होतो. छातीपुढे असलेला ग्लोव्ह वाचवतो.

मला ह्यातून काढलं ते कॉलेजच्या एका ताईने, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते तेव्हाच जायचं, कोरड्या वाळूत घोटा मुरगळतो. काठीने एक लांब सरळ रेघ ओढायची, उजवा पाय रेघेवर ठेवून टाकायचं. चेंडू जुनाच घ्या, भिजून जड होतो. मग चेंडू कुठे गेला ते बघूच नका, वाळू बघा. पुढच्या पावलाचा ठसा रेघेला चिकटून हवा आणि मागच्या पायाच्या अंगठ्याने ओढलेली चर त्याच दिशेने सरळ यायला हवी. माझी चर शेवटच्या वीतभरात डावीकडे वळायची, कोयतीसारखी. ग्लोव्ह धरून ठेवला की ती चर सरळ. मुलीला एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

सराव सोपा आहे. निम्म्या अंतरावर, आधीच उघडलेल्या स्थितीत उभं करा, चेंडू डोक्यावर, ग्लोव्ह कॅचरकडे. पाऊल टेकलं की तिने मोठ्याने ‘टेकलं’ म्हणायचं, त्यानंतरच डावं कोपर आत. जमलं की पूर्ण वर्तुळ. एक सांभाळा, सुटलेले हात परत एकत्र आणायला किंवा दीड फेऱ्यांच्या वर हात फिरवायला नियमात परवानगी नाही, ते पंच इलिगल, म्हणजे नियमबाह्य, देतील.

मी रीतसर पदविका घेतलेली प्रशिक्षक नाही. सकाळी गावातल्या मुलींना खेळवते एवढंच, म्हणून तुमच्या मुलीचं अंग बघून कमी-जास्त करा. खांदा किंवा कोपर दुखत असेल तर हे सगळं बंद आणि आधी हाडांचे डॉक्टर. जपानची पिचर युकिको उएनो हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा अंतिम सामना खेळली. एवढं ओझं एकट्या खांद्यावर पेलवत नाही, त्यात सगळ्या अंगाचा वाटा असतो. तिचे सामने मुलींना दाखवा आणि चेंडूऐवजी डाव्या हाताकडे बघायला सांगा.

आणि पावसाळा लागतोय म्हणून. ग्लोव्ह पिशवीत बंद करून ठेवू नका, आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरते. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवला तर चामडं तडकतं. कोरड्या फडक्याने पुसून, आत चेंडू घालून सावलीत वाऱ्यावर टांगा.

व्हिडिओ काढाल तो स्लो मोशनमध्ये, तिसऱ्या बेसच्या बाजूने एक आणि कॅचरच्या मागून एक. पाऊल टेकतं ती चौकट थांबवून तेवढी मला दाखवा, ग्लोव्ह कुठे आहे ते बघून सांगते.