वाचकांचे प्रश्न : ऑपरेशननंतरचं ताट

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली तीन इथे थोडी छाटून घेते. पहिल्या पत्राला बरीच जागा लागली आहे, पण त्यातलं दुखणं अनेकींचं आहे. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातली, वय ४३, शाळेत शिक्षिका. दिवाळीनंतर नाशिकला माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. ११८ किलोवरून ८९ वर आले. शुगरची एक गोळी बंद झाली. पण भूक लागत नसतानाही खावंसं वाटतं. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून डब्यातली शेव खाते, सोबत चहा. वाटीभर सहज जाते. तेच पोट दुपारी चतकोर भाकरी घेत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले, आईने खापरावर पुरणाचे मांडे केले होते. थोडा मांडा आणि आमरस खाल्ला तर घाम फुटला, छाती धडधडली, आडवी झाले. आई म्हणत होती, "खाई ले वं माय, काही व्हत नही." मग ती रडली, मीही रडले. केस मूठमूठ जातात. सासूबाई म्हणतात, एवढे लाख घातले आणि वर तोंड पाडून बसतेस. घराबाहेर सगळ्यांना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : आधी शेवेचं बोलू. पत्रात तुम्ही ते वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, म्हणजे लाज तिथेच अडकली आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्त, उभा कापून काढतात. मागे उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक जवळपास गायब होते. पुढे ती थोडीफार परत येते. तशी आली की ऑपरेशन फसलं म्हणून घाबरू नका.

शेव चावली की तिचं पीठ होतं, त्यावर चहाचा घोट गेला की झाली पेज. ती नळीत थांबत नाही, भराभर आतड्यात उतरते. पोट भरल्याचं कळायला अन्न पोटात जरा वेळ टिकावं लागतं, ते इथे होत नाही. भाकरी कोरडी आणि घट्ट, ती अडकून बसते. म्हणजे ऑपरेशनला अजिबात न जुमानणारे पदार्थ कोणते, तर फरसाण, बिस्किटं, चिवडा, केळ्याचे वेफर्स, आइस्क्रीम. आणि राहायचं जळगाव जिल्ह्यात, जिथे पाहुणा आला की आधी शेवेचा पुडा फुटतो! तेव्हा तुमच्या मनाचा दुबळेपणा वगैरे बाजूला ठेवा. चहा आणि खाणं यांची जोडी तोडा, निम्मं काम तिथेच होईल. खाण्याआधी आणि खाल्ल्यावर अर्धा तास पाणी, चहा, ताक काही नाही. मध्ये तर नाहीच.

राहिलं निम्मं काम त्या वेळेचं. तुमचा दिवस तुम्हीच लिहिलाय : पहाटेचं पाणी, डबे, शाळा, संध्याकाळी वह्या, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा अभ्यास. रात्रीचा तो अर्धा तास सोडला तर दिवसभरात तुम्हाला कोणी हाक मारत नाही असा एक क्षण मला तरी दिसला नाही. त्या अर्ध्या तासाला शेव सोबत करायची. ती सोबत एकाएकी काढून घेतली तर जागा रिकामी होणारच, आणि रिकाम्या जागेचं रडूही येणारच. वेळ सोडू नका. ओट्यापाशी उभं मात्र राहायचं नाही, ओसरीवर खुर्ची टाकून बसा. बहिणीला फोन करा. रेडिओ लावा, विणकाम करा, नुसत्या बसा. खावंसं वाटलंच तर स्वतःला विचारा, आत्ता उकडलेलं अंडं समोर आलं तर खाईन का? उत्तर हो असेल तर भूक आहे, अंडं खा, निजायला जा. अंडं नको आणि शेवच हवी असेल, तर दिवसभरात काय झालं ते आठवा आणि वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहा. आठवड्याभरात तुमचं तुम्हालाच दिसेल की शेवेचा डबा कोणत्या दिवशी उघडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या वहीत दर वेळी नणंदेच्या फोनचा दिवस निघाला होता!

आता आखाजी. तुम्हाला जे झालं त्याला डॉक्टर डम्पिंग म्हणतात. गूळ-साखर एकदम आतड्यात उतरली की शरीर तिकडे पाणी ओढतं, मग घाम, धडधड, मळमळ, कधी जुलाब. पोटाचं बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. पुरण आणि आमरस एकत्र, म्हणजे दोन्हीकडून गोड. काही घातक घडलं नाही, तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.

आईंचं रडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते ती झोका खेळायला, गौराईची गाणी म्हणायला आणि आईच्या हातचं खायला. ऐंशीकडे झुकलेली बाई चुलीपुढे बसून हातावर मांडा फिरवते, तेव्हा लेकीला दुसरं काही देण्यासारखं तिच्यापाशी उरलेलं नसतं. तुम्ही ताट सारलं की तिला वाटतं, आपणच नको झालो. तिला काय खायचं नाही याची यादी देऊ नका, काय करून घालायचं ते सांगा. आईला म्हणा, मला फुणके करून दे. तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, कांदा, लसूण, कोथिंबीर घालून वाफवलेले फुणके. तुमच्या आजच्या पोटाला याहून सोयीचा खानदेशी पदार्थ मला सुचत नाही. मऊ, वाफवलेले, तेल नावाला आणि सगळी डाळच. मिरची मात्र आईच्या हिशोबाने नको, तुमच्या! फुणका कुस्करून त्यावर चमचा-दोन चमचे कढी, ओला होण्यापुरती. वाटीभर कढी प्यायची ती वेगळी, नंतर. वांग्याचं भरीतही चालेल, हिरवी मिरची आणि तेल कमी करून दोन-तीन चमचे. पण भरिताने पोट भरू नका, त्यात प्रथिनं फारशी नाहीत.

ताटात हात घालण्याचा क्रमही बदला. आपण आधी भाकरी मोडतो आणि तिच्याबरोबर बाकीचं खातो. तुम्ही आधी अंडं, पनीर, मासे, घट्ट डाळ किंवा उसळ खायची, मग भाजी, आणि जागा उरलीच तर कळण्याच्या भाकरीचा कुस्करा. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, म्हणून नुसत्या पोळीपेक्षा ती बरी. जेवायला वीस ते तीस मिनिटं लागू द्या. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. अंदाज यावा म्हणून सांगते : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. शिक्षिका आहात, बेरीज करा. आजचा तुमचा दिवस तिशीच्या पुढे जात नसावा, आणि केसांच्या गळतीचा संबंध त्याच्याशी आहे.

केस : वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गळती सुरू होते आणि काही महिने चालते. प्रथिनं आणि लोह भरून निघालं की बहुतेकींचे परत येतात. तेलांच्या जाहिरातींवर पैसे घालू नका. त्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. जीवनसत्त्वांच्या गोळ्या कंटाळा आला म्हणून बंद केल्या असतील तर आजच सुरू करा, त्या कायमच्या आहेत. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील, पायांना मुंग्या येत असतील, एकाचे दोन दिसत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पित्ताच्या खड्यांच्या गोष्टीबद्दल : गावाला सगळं सांगायलाच हवं असं मी म्हणणार नाही. गावाला सांगितलेलं गावभर होतं. पण घराबाहेरच्या दोन माणसांना खरं सांगा. एक शाळेतली मैत्रीण, जी मधल्या सुट्टीत तुमच्या छोट्या डब्याबद्दल चार जणींत विषय काढणार नाही. दुसरं असं कोणी, ज्याचं हेच ऑपरेशन झालंय. तुमच्या सर्जनच्या दवाखान्यात विचारा, अशा रुग्णांचा गट बऱ्याच ठिकाणी असतो, नसेल तर एखाद्या पेशंटची त्यांच्या संमतीने ओळख करून द्या म्हणा. बाकीच्यांसाठी पंगतीत एकच वाक्य ठेवा : डॉक्टरांनी एका वेळी एवढंच सांगितलंय. शुगर आहे म्हटलं की आपल्याकडे लगेच आग्रह थांबतो, तसं यानेही थांबतं.

कृतघ्न म्हणाल तर नाही. शुगर उतरली याचा आनंद आणि जेवणातली मजा गेल्याचं दुःख एकाच घरात राहू शकतात. सासूबाईंना हा परिच्छेद वाचायला दिलात तरी चालेल. मात्र रडू दोन-तीन आठवडे रोज येत असेल, झोप उडाली असेल, शाळेतही मन लागत नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात आलं तर तो फोन त्याच मिनिटाला करायचा.

प्रश्न : माझ्या यजमानांचं दीड वर्षापूर्वी बायपास ऑपरेशन झालं (पोटाचं, हृदयाचं नाही). ४० किलो उतरले. आधी सणावारी घ्यायचे, आता आठवड्यातून तीनदा मित्रांसोबत हायवेच्या ढाब्यावर बसतात. म्हणतात, शेवभाजी खाता येत नाही, निदान हे तरी करू द्या. एका पेगमध्येच चढते. हे चालतं का? – भुसावळ

उत्तर : चालत नाही. बायपासनंतर दारू पोटात थांबत नाही, थेट आतड्यात जाऊन रक्तात लवकर आणि जास्त चढते. एका पेगमध्ये चढते ती त्यामुळे, आणि त्याच अवस्थेत ते मोटारसायकलवर घरी येतात असं तुम्हीच लिहिलंय. दुसरं म्हणजे, पूर्वी ज्यांचा ताण जेवणावर निघायचा त्यांच्यातले काही ऑपरेशननंतर दारूकडे वळतात. डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे, म्हणून ऑपरेशनपूर्वी ते दारूबद्दल खोदून विचारतात. यजमानांनी तेव्हा "सणावारी" म्हटलं असेल, आता खरं सांगायची वेळ आहे.

भांडून उपयोग नाही, आणि ढाब्यावर जाऊन तमाशा तर मुळीच नको. त्यांना मित्र हवेत, ते तोडू नका. त्याच मित्रांना घरी बोलवा. शेवभाजीचा रस्सा तिखट आणि तेलकट असतो, तो त्यांना वर्ज्यच. पण तव्यावर परतलेलं पनीर किंवा अंड्याची भुर्जी चारचौघांत बसून खाता येते. त्यातल्या एका समजूतदार मित्राला बाजूला घेऊन सगळं सांगा. बायकोचं न ऐकणारे मित्राचं ऐकतात, हे मी भुसावळच्या बाईला काय सांगायचं! पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत जा आणि आठवड्यातून तीनदा हा आकडा तुमच्या तोंडून डॉक्टरांना ऐकवा. ते चिडतील, चिडू द्या. सोडवत नसेल तर व्यसनाचे उपचार लागतील, त्यालाही मानसोपचारतज्ज्ञच.

प्रश्न : श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. सुनेचं फेब्रुवारीत वजनाचं ऑपरेशन झालं. ती म्हणते देवीच्या प्रसादाचे रोट खाणार नाही. रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, बाहेर देता येत नाहीत. देवीचा कोप झाला तर? – धुळे जिल्हा

उत्तर : काकू, तिने अजिबात खाणार नाही म्हटलंय की एवढं खाणार नाही म्हटलंय, ते आधी विचारा. बहुधा दुसरं असेल. रोटाचा नखाएवढा तुकडा दुधात भिजवून, नीट चावून तिने घेतला की प्रसाद झाला. बाकीचा तिचा वाटा घरातल्या पोरांनी संपवला तर तोही भाऊबंदकीतच राहतो. उपासाला आजाऱ्याला सूट देणारी माणसं आपण, इथेही द्या. दूध तिला पचतं ना, तेवढं मात्र विचारून घ्या, ऑपरेशननंतर काहींना चालत नाही. त्या दिवशी ती रात्रभर जागणार, गाणी म्हणणार, तर तिच्यासाठी वाटीभर घट्ट मुगाचं वरण वेगळं काढून ठेवा. गर्दीत तिच्या गोळ्या राहून जातात, तेही बघा. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र द्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे, आणि लोहाची गोळी चहासोबत तर मुळीच नाही.