पन्नाशी उलटल्यावर नाव झालेला कोणी विनोदी नट-लेखक आहे का? ब्रॉडवेच्या फ्रँक बेकनचं उदाहरण देतात, ते कितपत खरं?

खरं आहे. पण ज्यासाठी ते उदाहरण देतात, त्यासाठी ते चुकीचं आहे.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "वय ५१, बँकेत नोकरी, एकांकिका लिहितो, छोटी कामं करतो, नोकरी सोडावी का?" सोडू नका. झालं उत्तर. आता बेकनविषयी बोलतो, कारण या माणसावरून माझं आणि माझ्या एका मित्राचं गेली काही वर्षं वाजतंय आणि निम्मं भांडण तुमच्या प्रश्नातच आहे.

फ्रँक बेकन १८६४ साली कॅलिफोर्नियात मेरीसव्हिलला जन्मला. सॅन होजेच्या परिसरात वाढला. म्हणजे आज आपली अर्धी पोरं जिथे संगणकासमोर बसलीत, तिथलाच. आधी फोटोग्राफरकडे उमेदवारी, मग वर्तमानपत्रांतली कामं, आणि पंचविशीनंतर नाटक. तिकडे तेव्हा स्टॉक कंपन्या असत. एकाच गावात मुक्काम, नाटक मात्र सारखं बदलतं. आज म्हातारा, पुढच्या आठवड्यात पाद्री, त्याच्या पुढच्या आठवड्यात दारुडा. बेकनने अशा शेकडो भूमिका केल्या. बायकोही नटी. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को बसलं, तेव्हा तो बिऱ्हाड घेऊन न्यूयॉर्कला आला. तिथेही बारा वर्षं दुय्यम कामंच.

आणि मग २६ ऑगस्ट १९१८ ला ब्रॉडवेच्या गेइटी थिएटरात 'लाइटनिन' लागलं. लेखक विंचेल स्मिथ आणि फ्रँक बेकन, मुख्य भूमिकेत बेकन. वय ५४. प्रयोग १,२९१. ब्रॉडवेवर तोवर एवढं कुठलंच नाटक चाललं नव्हतं. आपल्याला हजाराचा आकडा मोठा वाटत नाही, आपल्याकडे नाटकाची बस गावोगाव फिरते. इथे बस नाही. तेच थिएटर, तीच खुर्ची, तोच मेकअपचा आरसा, आठवड्याला किमान आठ प्रयोग, जवळजवळ सलग तीन वर्षं.

तेव्हा 'पन्नाशीनंतर सुरुवात केली' हे डोक्यातून काढा. सुरुवात पंचविशीनंतर लगेच झाली होती. पन्नाशीनंतर फक्त पाटीवर नाव लागलं.

नाटक मी वाचलंय. मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने नातू सांभाळायला होतो. तो झोपला की मी ग्रंथालयात. नायक बिल जोन्स म्हणजे गावचा थापाड्या म्हातारा, दारूचा शौकीन, कामाला इतका मंद की लोकांनी नाव ठेवलं 'लाइटनिन', म्हणजे वीज. आपल्याकडे काळ्या कुत्र्याला मोती म्हणतात, तसलं. त्याचं आणि बायकोचं हॉटेल कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर. सीमारेषा दिवाणखान्याच्या मधून जाते. नेवाडात घटस्फोट सोपा, म्हणून बायका तिथे येऊन राहतात. नेवाडाचा शेरीफ एका तरुण वकिलाला पकडायला येतो, तर तो दोन पावलं टाकून कॅलिफोर्नियात उभा! रंगमंचावर एक रेघ आणि सगळं नाटक त्या रेघेवर. ज्याने कधी चार फुटांच्या लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यावर, प्रवेश बसवलाय, त्याला यातली गंमत कळेल.

बिलची थाप ऐका. भर हिवाळ्यात मधमाश्यांचं अख्खं मोहोळ मैदानं ओलांडून हाकत नेलं, म्हणतो, आणि वाटेत एक माशी हरवली नाही. हे वाक्य मोठ्याने म्हटलंत तर मेलं. डोळे मिचकावलेत तरी मेलं. ते बाजारातून कोथिंबीर आणली इतक्या सहज टाकायचं आणि पुढच्या वाक्याला लागायचं, हशा मागून येतो. त्या काळच्या समीक्षकांना त्याच्यात रिप व्हॅन विंकल, म्हणजे अमेरिकन गोष्टीतला तो वीस वर्षं झोपून राहिलेला आळशी माणूस, दिसला तो उगाच नाही. शेवटी जमिनीच्या कागदावर सही करायला नकार देतो म्हणून बायकोच त्याच्यावर घटस्फोटाचा दावा लावते, आणि हा म्हातारा कोर्टात उभा राहून स्वतःची बाजू मांडतो. थापाड्याच्या तोंडून पहिल्यांदा खरं निघतं. हा प्रवेश नटाने लिहिलाय हे सांगावं लागत नाही. कुठे थांबायचं ते टाळ्या खाल्लेल्या माणसालाच ठाऊक असतं.

आता भांडणाकडे.

नव्वदीच्या दशकात मी एका व्यावसायिक नाटकात शेजाऱ्याचं काम करत होतो. चार एण्ट्र्या, एक डब्याचा प्रवेश. नाटक लिहिलेलं आणि मुख्य भूमिका करणारे एकच, सगळे त्यांना काका म्हणायचे. नट उत्तम, माणूसही वाईट नाही, हे आधीच सांगतो. डिसेंबरचा विदर्भ दौरा. माझी नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, दीडशे रुपये. आणि अकरा नाइटी थकलेल्या. फक्त माझ्या नाहीत, काकांना सोडून सगळ्यांच्या. लाइटवाला, कपडेपटवाला, म्युझिकला बसणारा पोरगा, सगळ्यांच्या. विचारलं की व्यवस्थापक म्हणायचा, "मुंबईला गेल्यावर हिशेब करू." हे वाक्य ज्यांनी ऐकलंय ते आता हसले असतील.

अकोल्याला आमचं ठरलं. पैसे हातात पडल्याशिवाय तिसरी घंटा नाही. साडेआठ वाजले, आम्ही मेकअपरूममध्ये तोंड न रंगवता बसलेलो. बाहेर हाउसफुल. व्यवस्थापक दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. अजून दहा मिनिटं, दहाच, आणि त्याने बुकिंगच्या गल्ल्यातून काढून दिले असते. गल्ला भरलेला होता, आम्ही बघितला होता.

तेवढ्यात काका आले. कोणाशी काही बोलले नाहीत. आरशासमोर बसले, पॅनकेक मेकअपचा डबा उघडला, स्पंज पाण्यात बुडवला, पिळला आणि कपाळापासून लावायला सुरुवात केली. अर्धा चेहरा झाल्यावर आरशातूनच म्हणाले, "पोरांनो, बाहेर आठशे माणसं तिकीट काढून बसलीयेत. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

संपलं. एकेक जण उठला. मीही उठलो, हे लपवत नाही. मिशीला स्पिरिट गम लावताना हात थरथरत होता, मिशी वाकडी बसली. आणि गंमत बघा, डब्याच्या प्रवेशाला त्या रात्री आला तेवढा हशा अख्ख्या दौऱ्यात आला नव्हता. लोकांना वाटलं वाकडी मिशी मुद्दामच.

मुंबईला गेल्यावर तीन नाइटींचे पैसे मिळाले. आठ अजून यायच्यात.

माझा हा मित्र त्या नाटकात जावयाचं काम करायचा. त्याचं म्हणणं, काका बरोबर होते. प्रेक्षक मायबाप, प्रयोग थांबवणं म्हणजे रंगदेवतेशी बेइमानी. मुख्य नटाच्या खांद्यावर प्रयोग असतो, त्याला असले चोचले परवडत नाहीत.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ते न्यू जर्सीच्या ग्रंथालयात मिळालं.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नटांनी संप केला. 'ॲक्टर्स इक्विटी' ही संघटना १९१३ पासून होती, पण निर्माते तिला मोजत नव्हते. आठवड्यांमागून आठवडे तालमी, पैसे नाहीत. कपडे बऱ्याचदा नटाने स्वतःच्या खर्चाने करायचे. दौरा मध्येच कोसळला तर परतीचं तिकीट ज्याचं त्याने बघावं. ओळखीचं वाटतंय ना? ७ ऑगस्टला संप सुरू झाला, ६ सप्टेंबरला मिटला, नटांच्या बाजूने. बिनपगारी तालमींना मर्यादा आली, आठवड्याचे प्रयोग आठ ठरले. त्या महिन्यात मोर्चे निघाले, एथेल बॅरिमोरसारखी मोठी नटी संपकऱ्यांच्या मदतीसाठीच्या प्रयोगांत उभी राहिली.

आणि त्या ऑगस्टला 'लाइटनिन' जोरात होतं. वर्ष भरत आलेलं, तिकीट मिळत नाही अशी अवस्था. बेकनचं वय ५५. आयुष्यभर दुय्यम कामं करून पहिल्यांदा पाटीवर नाव. आता बोला, कोणाला परवडत नव्हतं? याच माणसाला. उद्या नाटक बंद पडलं तर पुन्हा दुसरं असं नाटक या वयात मिळणार नव्हतं. तरी तो लहान नटांच्या बाजूने बाहेर पडला. चालतं नाटक बंद. त्याच्या कंपनीने मोर्चात फलक नेला, त्यावर तीनच शब्द होते. इंग्रजीत त्यांचा अर्थ 'वीज कोसळली' असाही होतो आणि 'लाइटनिन संपावर गेलं' असाही. इतका चपखल फलक मी दुसरा पाहिला नाही.

हे मी मित्राला भारतातला मध्यरात्रीचा एक वाजलेला असताना फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आणि विरुद्ध बाजूला कोण होतं तेही सांग की." त्यालाही माहीत होतं. विरुद्ध बाजूला जॉर्ज एम. कोहान. तोही विनोदी नट, तोही लेखक, वर गाणी लिहिणारा, नाचणारा आणि निर्माता. ब्रॉडवेचा राजाच. तो इक्विटीविरुद्ध इतका पेटला की संघटना जिंकली तर नाटक सोडून लिफ्ट चालवेन म्हणाला. त्यावर कोणीतरी त्याला कळवलं म्हणतात, की लिफ्ट चालवायलाही युनियनचं सभासद व्हावं लागतं. कोहान शेवटपर्यंत इक्विटीचा सभासद झाला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की काकांसमोर दोन्ही रस्ते होते. नट-लेखकाच्या हातात दुप्पट ताकद असते, संहिताही त्याची आणि चेहराही त्याचा. ती ताकद दहा मिनिटं न वापरता स्पंज पिळणं ही काही रंगदेवतेची सेवा नाही.

आता मित्राच्या बाजूचंही लिहितो, नाहीतर तो इथे येऊन लिहील. बेकनच्या मागे हजारो सभासदांची संघटना होती, काकांच्या मागे आम्ही नऊ जण आणि त्यातले दोघे आधीच डगमगलेले. 'लाइटनिन' बेकनचं एकट्याचं नाही, विंचेल स्मिथचा हात त्यात मोठा, आणि स्मिथ मुरलेला नाटककार होता. शिवाय संप मिटल्यावर बेकनचं नाटक पुन्हा तसंच हाउसफुल सुरू झालं, त्याचं नुकसान एका महिन्याचं. काकांना अकोल्याच्या त्या रात्रीनंतर निर्मात्याने पुढचं नाटक दिलं नसतं, हेही शक्य आहे.

एक गोष्ट राहिली. बेकन विस्मरणात का गेला? कारण त्याचा बिल जोन्स पडद्यावर नाहीच. १९२१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचा मुक्काम संपला, कंपनी शिकागोला गेली, आणि १९ नोव्हेंबर १९२२ ला तिथेच तो वारला. सिनेमे नंतर आले, १९२५ चा जॉन फोर्डचा मूकपट आणि १९३० चा बोलपट, त्यात विल रॉजर्स. १,२९१ चा विक्रमही त्याच दशकात दुसऱ्या नाटकाने मोडला. बेकनचा मुलगा लॉइड मात्र हॉलिवूडमध्ये मोठा दिग्दर्शक झाला.

आणि तुम्हाला सल्ला, मागितलाच आहे तर. एकांकिकेत स्वतःसाठी भूमिका लिहा, लाजू नका, आपल्या तोंडाला कुठलं वाक्य बसतं ते आपल्यालाच कळतं. थापाड्या लिहिणार असाल तर त्याला एकदा तरी खरं बोलायला लावा. नाइट प्रयोगाआधी मागा, नंतर नाही. आणि कधी पाटीवर तुमचं नाव लागलं, तर मेकअपरूममध्ये शिरताना आधी बघा कोण तोंड न रंगवता बसलंय.

परत यायच्या आधी मुलीने टाइम्स स्क्वेअरला नेलं. गेइटी थिएटर ४६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं, १९८२ साली आजूबाजूच्या थिएटरांबरोबर पाडलं, तिथे आता मॅरियटचं प्रचंड हॉटेल आहे. मी खालून वर बघत उभा होतो, नातू गाडीत झोपलेला. फोटो काढला, मित्राला पाठवला, खाली लिहिलं, "इथे वीज कोसळली होती."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "मागे वळ. कोहानचा पुतळा दिसेल. त्याचाही पाठव."

वळलो. रस्त्याच्या पलीकडे होताच, कांस्याचा, हातात हॅट आणि काठी.