खानावळीला इंग्रजीत काय म्हणतात?

‘मॅडम, दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. इंग्रजीच्या तासाला सर “लिहा” म्हणाले की माझा हातच चालत नाही. बाजूच्या मुली पानं उलटतात, तो आवाज ऐकत बसते. माझ्यात मुळातच काही कमी आहे का?’

कॉलेजं सुरू झाली की जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. कधी मुलीच्या तोंडून, कधी आईच्या. उत्तरादाखल एका मुलीची हकीकत सांगते. तिला सायली म्हणू; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिव्याहून पहाटेची स्लो पकडून दादरला सातचं लेक्चर गाठणारी, एफवायबीएची मुलगी. हातात निबंधाची वही. विषय होता ‘मला आदर्श वाटणारी व्यक्ती’ आणि निबंध अब्दुल कलामांवर, गाइडमधून जसाच्या तसा. खाली सरांनी लिहिलं होतं, ‘यात तू कुठे आहेस?’ त्याआधीचा एक निबंध तिने स्वतःच्या मनाने लिहिला होता. तो लाल शाईने भरून परत आला, म्हणून मग गाइड.

पहिल्या भेटीत मीच चुकले. ‘अगं, हुशार आहेस तू, जमेल तुला,’ असं म्हणून मोकळी झाले. तिने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वयंक्षमतेची कल्पना मांडली. ‘हे मला जमतं’ हा विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतःच्या हाताने काही जमल्यावर. दुसऱ्याने दिलेला धीर त्यापुढे फिका, हे त्यातलंच. एम.ए.ला पाठ केलं होतं. खुर्चीत बसल्यावर विसरले.

पंधरा दिवसांनी ती आली, तेव्हा तो लाल निबंध मागून घेतला. ‘चल, खुणा मोजू.’ ४१ भरल्या. मग त्या वेगळ्या काढल्या. २३ होत्या ‘ए, अ‍ॅन, द’च्या, ११ काळाच्या. उरलेल्या बहुतेक लांबच लांब वाक्यांच्या. मराठीत ‘ए’ आणि ‘द’सारखं काही नाहीच, त्यामुळे ते कुठे घालायचं हे कानाला कळत नाही. आणि ‘उठून, पाणी भरून, कणीक मळून, डबे लावून आई कामाला गेली’ हे मराठीत एका दमात शोभतं; इंग्रजीत तसंच ओतलं की वाक्याचा तोल जातो.

‘म्हणजे चुका ४१ नाहीत, तीनच?’
‘तीनच. पण चिवट आहेत.’

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही बारा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलगी. पण त्यातलं स्वतःचं असं एक पानही नाही. निबंध म्हणजे पाठांतर, पत्र म्हणजे पाठांतर. सरांनाही दोष देववत नाही. शंभरेक वह्या तपासणाऱ्याला लाल पेनच सोयीचं पडतं.

‘कलाम राहू देत. तुला खरंच कोण भारी वाटतं?’ विचारलं. ती म्हणाली, ‘आजी.’ आजीची लालबागला खानावळ होती, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. बायका-मुलं कोकणात ठेवून आलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे, पाळीप्रमाणे. पैसे पगार झाल्यावर, तोवर किराणा उधारीवर. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. पगार थांबले, माणसं गावाला गेली, उधारी मात्र आजीच्या डोक्यावर राहिली. सायली हे दहा मिनिटं न अडखळता बोलली. मराठीत, अर्थात.

तेच आता दहा मिनिटं कागदावर, एवढंच तिला सांगितलं. पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, शब्द अडला तर मराठी शब्द लिहून पुढे जायचं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, तीही एका वेळी एकाच चुकीची. लिहिणं आणि तपासणं एकदम करायला गेलं की हात गोठतो. सायलीचं तेच होत होतं.

मधेच तिने एक उद्योग केला. कच्चं लिखाण मोबाईलमधल्या एआयला देऊन ‘नीट करून दे’ म्हणाली. आलं ते अगदी गुळगुळीत, एकही चूक नाही. ते घेऊन तणतणत माझ्याकडे आली. ‘मॅडम, ह्याने “रेस्टॉरंट” केलंय! आजीचं काय रेस्टॉरंट होतं? आणि म्हणे, ती “यशस्वी उद्योजिका” होती. बुडाली होती ती!’

मला मनातून फार आनंद झाला. महिन्यापूर्वी हीच मुलगी गाइडमधली ओळन्‌ओळ खरी मानत होती. मग खानावळीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास खल झाला. ‘मेस’ म्हटलं तर होस्टेल डोळ्यांपुढे येतं, ‘कॅन्टीन’ म्हटलं तर कॉलेज. शेवटी तिने ‘खानावळ’ हाच शब्द रोमन लिपीत ठेवला आणि पुढच्या वाक्यात खोली, स्टोव्ह, भिंतीला टेकवलेले पाट आणि उधारीची वही सांगितली. सगळी हकीकत भूतकाळातली, त्यामुळे काळाचा सराव आपोआप झाला. ‘द’ मात्र अजूनही हवा तिथे गायब असतो आणि नको तिथे हजर.

चौथा खर्डा तिने सरांना दिला. सेमिस्टर संपता संपता वही घेऊन आली. लाल खुणा होत्याच, आठ-दहा. पण समासात सरांनी पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता: ‘संपाच्या काळात ज्यांनी पैसे दिले नाहीत, त्यांना आजीने जेवायला वाढलं का?’

‘मला माहीतच नाही हो,’ सायली म्हणाली. आजी आता कणकवलीला काकांकडे असते. दुपारी झोपलेली असते, म्हणून फोन संध्याकाळी करायचा ठरलं. घाईने वही पिशवीत कोंबून ती कर्जत लोकलसाठी पळाली.