व्हेंटिलेटरमुळे लिव्हर खराब होतं का?

तुम्ही लिहिलंय: वडील न्यूमोनियाने सहा दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, आता एसजीपीटी (लिव्हरला मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलंय, डोळे पिवळे दिसतायत, मशीनमुळेच लिव्हर गेलं का?

मी डॉक्टर नाही, आयसीयूत सिस्टर आहे. हा प्रश्न दारात उभे असलेले नातेवाईक मला नेहमी विचारतात. एकट्या मशीनने लिव्हर जात नाही. ताण मात्र येतो.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा आत ओढते आणि त्याच ओढीने पोटाकडचं रक्तही हृदयाकडे येतं. मशीन याच्या उलट करतं, हवा ढकलतं. छातीतला दाब वाढला की लिव्हरमधून वर जाणाऱ्या रक्ताची वाट अडते. लिव्हरला पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं आणि तिथला दाब असतो जेमतेम ५ ते १० मिलिमीटर (बीपी मोजतात तेच, पाऱ्याचे). कमी उताराच्या पाटाला पुढे जरासा बांध घातला तरी पाणी मागे तुंबतं, तसंच हे. स्क्रीनवर ‘पीप’ असा आकडा असतो, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही मशीन फुप्फुसात ठेवतं तो दाब, पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. तो १० असेल तर दाब साधारण ७ मिलिमीटर. तो सगळाच्या सगळा हृदयापर्यंत पोचत नाही. फुप्फुस कडक झालेलं असेल तर आणखी कमी पोचतो. पण बीपी आधीच पडलेलं असेल, तर तेवढंही जड जातं.

एका रात्री एका काकांचा पीप ८ वरून १४ केला. पाच मिनिटांत वरचं बीपी ११० वरून ८४. डॉक्टरांनी सलाईन आणि नॉरऍड (बीपी वाढवणारं औषध) वाढवलं, पीप दोनने उतरवला, तेव्हा सावरलं. दुसऱ्या दिवशी एसजीपीटी २,३०० आलं आणि घरचे मशीनवर चिडले. फाइल मागे उलटली तर काका कॅज्युअल्टीत आले तेव्हाच बीपी ७० होतं, ऑक्सिजन ६८. लिव्हरला मार तिथेच बसला होता. असा झटका एकदम हजारांत चढतो आणि रक्तपुरवठा सुधारला की भराभर उतरतो. पाचव्या दिवशी ४०० होतं.

डोळे हळूहळू पिवळे होणं ही वेगळी गोष्ट. तिथे मी आधी इन्फेक्शनकडे बघते, मग औषधांच्या चार्टकडे: काही अँटिबायोटिक्स, बुरशीवरची औषधं, पॅरासिटामॉल.

मेटाबॉलिझमचं, म्हणजे शरीर ऑक्सिजन आणि साखर कशी वापरतं त्याचं म्हणाल तर मशीन एका बाबतीत उपकारच करतं. धाप लागलेल्या माणसाचा बराचसा ऑक्सिजन नुसता श्वास ओढण्यातच खर्च होतो. ते काम मशीन अंगावर घेतं. पण आजाराच्या ताणाने लिव्हर साखर बनवत सुटतं. डायबिटीस नसलेल्यांनाही इन्सुलिनची ड्रिप लावावी लागते ती यामुळेच. शुगर १४० ते १८० मध्ये ठेवायची म्हणून आम्ही सारखं बोट टोचत असतो. त्याचा राग धरू नका.

झोपेच्या औषधांचंही तसंच. मिडाझोलाम, फेंटानिल निकामी करून शरीराबाहेर काढायचं काम मुख्यतः लिव्हरचं. ते मंदावलं की औषध बंद करूनही पेशंट एक-दोन दिवस डोळे उघडत नाही आणि घरचे घाबरतात. सिरिंज पंपात दुधासारखं पांढरं दिसतं ना, ते प्रोपोफॉल. त्यात तेल असतं, मिलिलिटरला १.१ कॅलरी. तासाला १५ मिली चाललं तर दिवसाचे जवळजवळ ४०० कॅलरी त्यातूनच जातात, म्हणून नळीतलं फीड कमी केलेलं दिसेल. उपाशी ठेवलं म्हणून आमच्याशी भांडू नका (भांडतात लोक).

उद्या राउंडला डॉक्टरांना एवढं विचारा: बीपी मध्ये कधी पडलं होतं का? आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साठणारं आम्ल) किती? एसजीपीटीने मार कळतो, लिव्हर काम करतंय की नाही ते या दोन आकड्यांवरून जास्त कळतं. बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) चढतंय, तर पोटाची सोनोग्राफी झाली का? आणि डोळ्यांचा पिवळेपणा दिवसा, खिडकीच्या उजेडात बघा. आमच्या ट्यूबलाइटखाली काही खरं दिसत नाही.