पोट लाल म्हणून पिरान्हा नव्हे

दुकानदाराने दोन इंची मासा पिरान्हा म्हणून दिला, पोट लाल, अंगावर काळे ठिपके, पण काकडी आवडीने खातो, असं तुम्ही लिहिलंय. फोटो मोठे करून पाहिले. हा लाल पोटाचा पाकू आहे, पिरान्हाचाच नातलग, शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस.

ठिपके आणि लाल पोट यांवर जाऊ नका. लहानपणी दोघांनाही ठिपके असतात, आणि पाकूचं पिल्लू लाल पोटाच्या पिरान्हासारखंच दिसतं. काकडीवरूनही ठरवू नका, पिरान्हाही अधूनमधून फळं-बिया खातो. आधी तोंड बघा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दणकट असतो, दात त्रिकोणी, एका रांगेत, सुरीसारखे. पाकूचे दात चपटे, आपल्या दाढांसारखे, वरच्या जबड्यात दोन रांगांत. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पूर आला की हा मासा बुडालेल्या जंगलात शिरतो आणि पाण्यात पडलेली फळं, कठीण बिया फोडून खातो. दात त्यासाठीच आहेत.

एवढ्या लहान माशाचे दात दिसणं अवघड, म्हणून मी पाठ बघतो. पिरान्हाच्या पाठीवरच्या पराच्या अगदी पुढे एक छोटा काटा असतो, पाकूला तो नसतो. पारदर्शक डब्यात घेऊन बाजूने उजेड टाका आणि भिंगातून पाहा. मासा हातात धरू नका. पोटाच्या कडेचे करवतीसारखे काटे मात्र दोघांनाही असतात, ती खूण उपयोगाची नाही.

आता उरतो काळा पाकू, म्हणजे कोलोसोमा मॅक्रोपोमम. शेपटीजवळच्या छोट्या मांसल परात त्याला किरण, म्हणजे पराला ताठ ठेवणाऱ्या काड्या, असतात, तुमच्या माशात तो मऊ, किरणांशिवायचा दिसतो. नावंही मदत करतात: ब्रॅकिपोमस म्हणजे आखूड कल्लेझाकणाचा, मॅक्रोपोमम म्हणजे मोठ्या कल्लेझाकणाचा.

बाजारात ‘रूपचंद’ म्हणून विकतात तो हाच मासा, त्यामुळे पिल्लं सहज मिळतात. पण हा पाऊण मीटरपेक्षाही मोठा होतो, तुमची तीन फुटी टाकी काही महिन्यांत अपुरी पडेल. तेव्हा मोठा हौद असलेल्या कुणाला द्या. कंटाळून नदीत किंवा तलावात सोडू नका, कृपा करून. तो इथल्या पाण्यातला नाही.