डेपो मॅनेजर नुसत्या सह्या करतो का? आणि तोट्यातली मुक्कामी गाडी

प्रश्न असा आहे: "मी पदवीधर आहे. एसटीत आगार व्यवस्थापक व्हायचं असेल तर मार्ग काय, बढती, पगार, आयुष्य कसं असतं? ऐकलंय की काम म्हणजे केबिनमध्ये बसून सह्या करणं. तसं असेल तर तोट्यातल्या खेड्यांच्या फेऱ्या हे लोक बंद का करत नाहीत?"

शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहिलं नसतं. वाहतूक शाखेतल्या माणसाची निम्मी नोकरी याच वाक्याशी भांडण्यात जाते, आणि समोरचा बहुधा बाहेरचा नसतो, आपल्याच विभागीय कार्यालयातल्या आकडेवारीच्या टेबलावरचा असतो.

आधी भरतीचं उरकतो. एसटीची भरती एमपीएससी करत नाही, महामंडळ स्वतः जाहिरात काढतं, आणि ती कधी निघेल याचा भरवसा नाही. पर्यवेक्षकांच्या जागा कधी सरळ सेवेनं भरतात, कधी खात्यातल्या परीक्षेतून. खालून येणारा वाहक वाहतूक नियंत्रक होतो, मग सहायक वाहतूक निरीक्षक, वाहतूक निरीक्षक, सहायक वाहतूक अधीक्षक, आणि तिथून आगार व्यवस्थापक. पुढे विभागीय वाहतूक अधिकारी, विभाग नियंत्रक, आणि फारच झालं तर मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयात महाव्यवस्थापक. सगळ्यांच्या वर उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, ते बहुधा आयएएस. वर्कशॉपची शिडी वेगळी: सहायक कार्यशाळा अधीक्षकापासून यंत्र अभियंत्यापर्यंत. माझं स्पष्ट मत, खालून आलेला व्यवस्थापक सरळ आलेल्यापेक्षा बरा, कारण वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, बघून त्याला कळतं की वाहक कुठे खोटं बोलतोय.

आता सह्यांबद्दल. सह्या असतात, भरपूर असतात. पण पहाटे साडेचारला नियंत्रकाचा फोन येतो की दोन चालक गैरहजर आहेत, स्पेअरला एकच आहे, आणि सव्वापाच ते सहा या वेळात सात गाड्या सुटायच्या आहेत. कुठली फेरी रद्द करायची हे पाच मिनिटांत ठरवावं लागतं. लांब पल्ल्याची रद्द केली तर आरक्षणाचे पैसे परत. शाळेची रद्द केली तर नऊ वाजता सरपंच केबिनमध्ये. बहुतेक जण मुकाट्यानं खेड्याची फेरी रद्द करतात, आणि महिनाअखेरीला त्याच फेरीचं भारमान, म्हणजे आसनांच्या मानानं प्रवाशांची टक्केवारी, कमी दिसलं की तीच बंद करायचा प्रस्ताव पाठवतात. गाडी आठवड्यातून दोनदा आली नाही की माणसं वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, जायला लागतात. मग भारमान कुठून येणार?

तुमच्या "तोट्यातल्या" फेरीचा हिशोब नीट करून दाखवतो. आकडे सोपे करून घेतलेत, रीत खरी आहे.

एक मुक्कामी गाडी घ्या. तालुक्यापासून गाव ३६ किलोमीटर. चालक-वाहक दुपारी एकला ड्युटीवर येतात, जवळपासच्या दोन-तीन फेऱ्या करतात, सातला गावाची गाडी काढतात, सव्वाआठला गावात, तिथेच वस्ती. सकाळी सहाला गावातून निघून सव्वासातला तालुक्याला. तीच गाडी साडेसातला पुढे जिल्ह्याला, अंतर ६०. साडेअकराला परत, एक जवळची फेरी, रोख भरून एकला सुट्टी. एकला दुसरी जोडी त्याच गाडीवर चढते. एक गाडी, दोन जोड्या, एक दिवसाआड वस्ती. कागदावर याला नियत म्हणतात, बोलताना सगळे शेड्यूलच म्हणतात.

आकडेवारीवाला काय करतो? सातची आणि सहाची, दोन्ही फेऱ्या वेगळ्या काढतो. भारमान ३० टक्के. त्यावर सगळा खर्च चढवतो: पगार, घसारा, कर, कार्यालयीन खर्च, डिझेल. फेरी जाते 'क' गटात, म्हणजे चालवण्याचा खर्चही न निघणाऱ्यांत. शेरा: बंद करावी.

मी त्याच फेऱ्या कशा बघतो? साधी गाडी ४४ आसनांची. ३६ किलोमीटर म्हणजे सहा-सहा किलोमीटरचे सहा टप्पे. टप्प्याला साधारण १० रुपये धरले तर तिकीट ६०. दोन्ही फेऱ्या गच्च भरल्या तर ५,२८० रुपये. त्याचे ३० टक्के १,५८४. आता बंद केल्यावर खरोखर वाचतं काय? ७२ किलोमीटरचं डिझेल, लिटरला साडेचार किलोमीटरनं १६ लिटर, ९० रुपयांनी १,४४०. टायर-ऑइल किलोमीटरला दोन रुपये, १४४. बेरीज १,५८४. हिशोब बरोबरीत सुटला. 'क' गट कुठे गेला?

पगार वाचत नाही. जोडीची पहिली ड्युटी आता सातला संपते, दुसरी सकाळी सातला सुरू होते, दोन्ही सहा-सहा तासांच्या, आणि पगार आठाचाच. घसारा वाचत नाही, गाडी रात्रभर आगारात उभी. वाचतो तो वस्तीचा भत्ता, आणि तो किती किरकोळ असतो हे कुठल्याही वाहकाला विचारा.

आणि गमावतो काय? सहाच्या गाडीतून उतरलेले दहा जण साडेसातनं जिल्ह्याला जात होते: कोर्टाची तारीख, दवाखाना, कॉलेज. दहा टप्पे, शंभर रुपये डोईला. ते वडापनं तालुक्याला आले की मिळेल त्या वाहनानं पुढे जातात, एसटीसाठी थांबत नाहीत. गेले हजार रुपये रोजचे, आणि तेही 'अ' गटातल्या, म्हणजे सगळा खर्च भरून निघणाऱ्या फेरीतून. सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो, जिल्ह्याच्या साडेसातचं भारमान का घसरलं?

फेरीचं भारमान बघून फेरी बंद करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. बघायचं ते शेड्यूलचं उत्पन्न, किलोमीटरमागे, सलग तीन महिन्यांचं, सुगी आणि परीक्षा धरून.

वेळ बदलणंही तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. गावकरी म्हणतात सहाऐवजी पाचला सोडा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं जागा घेईपर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती लागायची. सव्वाआठ ते पाच म्हणजे पावणेनऊ तास. बसत नाही. मग संध्याकाळची गाडी पावणेसातला काढावी लागते, आणि पावणेसातला काढली की सहा पन्नासला जिल्ह्याहून येणाऱ्या गाडीतले लोक फलाटावर राहतात. त्याच कायद्यात पाच तासांच्या सलग कामानंतर अर्धा तास विश्रांती होती, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण पसारा बारा तासांत बसवायचा होता. हे सगळं बसवणं म्हणजे डेपो मॅनेजरचं खरं काम. सही त्याच्या शेवटी येते.

मुक्कामी गाडी बंद पडण्याचं दुसरं कारण वर्कशॉप. त्यांना ती आवडत नाही, कारण सकाळी बिघडली तर मेकॅनिक ३६ किलोमीटरवर. म्हणून ते आगारातली सगळ्यात जुनी गाडी वस्तीला देतात, आणि मग ती बिघडते. करायचं उलट. वस्तीच्या गाडीला जुनी बॅटरी द्यायची नाही. संध्याकाळी बॅटरीचं पाणी, टर्मिनल, अल्टरनेटरचा पट्टा बघूनच गाडी सोडायची. नाहीतर चालक उतारावर तोंड करून, चाकाला दगड लावून गाडी उभी करतो आणि सकाळी ढकलून सुरू करायला बघतो. रात्रीत टाकीतली हवा उतरलेली असते. हवेचं प्रेशर भरल्याशिवाय पायाचा हवेचा ब्रेक लागत नाही, म्हणजे उतारावर ब्रेकशिवाय गाडी. हे एकदा तरी व्हायचंच, आणि त्याचा जबाब चालकाकडून घेतला जातो, बॅटरी देणाऱ्याकडून नाही. शिवाय वाहक रात्रभर रोख उशाला घेऊन झोपतो. ग्रामपंचायतीकडून एक बंद खोली आणि संडास मिळवायचं पत्र व्यवस्थापकानं स्वतः लिहावं. त्याला खर्च शून्य आणि गैरहजेरी लगेच कमी होते.

पैसा वाचवायचाच तर डिझेल बघा. साठ गाड्या, रोज प्रत्येकी ३०० किलोमीटर, म्हणजे १८,०००. साडेचारच्या केएमपीएलला (लिटरमागे किलोमीटर) ४,००० लिटर. ४.६ वर नेलं तर ३,९१३. रोज ८७ लिटर, फक्त एका दशांशात. हा दशांश मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरच्या कमी हवेत, घासणाऱ्या ब्रेकमध्ये, तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये आणि स्थानकात चालू ठेवलेल्या इंजिनात लपलेला असतो. आतल्या टायरला हातोडी मारून आवाज ऐकायचा कंटाळा करणारे आगार मुक्कामी गाडी बंद करून काटकसर दाखवतात.

दुसरी गळती सवलतीच्या तिकिटांत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. उरलेले पैसे शासन प्रतिपूर्ती म्हणून देतं, पण तिकीट निघालं तरच. आजोबांना "बसा, तुम्हाला काय तिकीट" म्हणून शून्याचं तिकीट न काढणारा वाहक दयाळू वाटतो, प्रत्यक्षात त्या फेरीचं उत्पन्न आणि भारमान दोन्ही खाली ओढतो. खेड्याच्या फेरीत असे प्रवासीच जास्त. नियंत्रकानं वेबिल बघताना रोखीसोबत सवलतीचे आकडेही बघावेत. संध्याकाळच्या फेरीत ज्येष्ठांचं एकही तिकीट नसेल तर काहीतरी चुकतंय. शाळकरी मुलींचे मोफत पासही तसेच: नोंद नाही केली तर कागदावर गाडी रिकामी, आणि प्रत्यक्षात दारात लोंबकळणाऱ्या मुली.

बाकी आयुष्याबद्दल थोडक्यात. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण, दिवाळी, दहावी-बारावीची परीक्षा, निवडणूक, या काळात रजा विसरा. अपघात झाला की जागेवर जायचं, आधी जखमींची सोय, मग पंचनामा, आणि गाडी हलवण्याआधी टायर, ब्रेक आणि स्टिअरिंगची अवस्था लिहून ठेवायची. दोन-तीन वर्षांत बदली. निवृत्ती ५८ ला.

पेन्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच आधी विचारायला हवं. एसटी कर्मचारी हा सरकारी कर्मचारी नाही, त्यावरूनच २०२१-२२ चा संप महिनोन्‌महिने चालला. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या १९९५ च्या योजनेची: पगार भागिले ७० गुणिले सेवेची वर्षं, आणि पगार मोजायचा तो १५,००० च्या मर्यादेत, तीही सप्टेंबर २०१४ पासून, त्याआधीच्या सेवेला ६,५०० ची. सगळी पस्तीस वर्षं १५,००० नं धरली तरी ७,५०० होतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. विभाग नियंत्रकाच्या खुर्चीतून उठलेल्यालाही हाच नियम. म्हणून पगाराचा आकडा बघून एसटीची महसूल खात्याशी तुलना करू नका.

एक-दोन गोष्टी कबूल करतो. सगळ्याच मुक्कामी गाड्या टिकवाव्यात असं नाही. पुढे जोड नसेल, गाडी तालुक्याला येऊन तासभर उभी राहत असेल, तर वरचा हजार रुपयांचा भाग गळतो आणि मग ३० टक्क्यांवर ती जेमतेम तरते, २० वर बुडते. डिझेलचा भाव किंवा केएमपीएल बदलला तरी रेषा सरकते, आपल्या आगाराचे आकडे घालून बघा.

आणि भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना हा हिशोब लावू नका. तिथे गाडीमालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे असतात, म्हणजे ७२ किलोमीटरचा जवळजवळ सगळाच खर्च चालता खर्च होतो, आणि गावात चार्जिंगही नसतं. करारात ठरलेले किमान किलोमीटर आधीच भरत असतील, तर अशी फेरी बंद केल्यानं खरंच पैसे वाचतात. तिथे आकडेवारीच्या टेबलाचं बरोबर आहे. तेवढ्यापुरतं.